ईझमेंटची वार्षिक फेरी: लँड ट्रस्टमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

बॉस्टनच्या पश्चिमेला ज्या गावांत आता बरीच मराठी कुटुंबं राहतात, तिथं घरामागे दहा मिनिटं चाललं की अनेकदा जंगल लागतं. ओक, पाइन, पडक्या दगडी भिंती, मध्येच एखादी पाणथळ जागा. ही सगळी जमीन सरकारी असेल असं नव्याने आलेल्याला वाटतं, पण तिच्यातली पुष्कळशी खाजगी मालकीची असते. ती अजून प्लॉट पडल्याशिवाय राहिली आहे, कारण कधीतरी एका मालकाने तिच्यावर कायमची बंधनं लिहून दिली आणि ती सांभाळायची जबाबदारी गावच्या लँड ट्रस्टने, म्हणजे जमिनी राखण्याचं काम करणाऱ्या संस्थेने, घेतली. या दस्ताला कॉन्झर्व्हेशन ईझमेंट म्हणतात. मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यात त्याचं नाव कॉन्झर्व्हेशन रिस्ट्रिक्शन, आणि बोलताना नुसतं सीआर.

दस्त नोंदवला म्हणजे जमीन वाचली, असं होत नाही. वर्षातून एकदा कुणीतरी प्रत्यक्ष चालत जाऊन बघावं लागतं आणि जे दिसलं ते नीट लिहून ठेवावं लागतं. लहान ट्रस्टमध्ये पगारी माणूस एखादाच असतो, कुठे तोही नसतो, त्यामुळे ही फेरी स्वयंसेवकच घेतात. तुम्ही पहिल्यांदा जाणार असाल तर काय करायचं, कोणत्या क्रमाने करायचं आणि कुठे चुकतं, ते पुढे दिलं आहे. उदाहरणं मॅसॅच्युसेट्सची आहेत. इतर राज्यांत दस्ताचं नाव आणि मंजुरीची पद्धत वेगळी असेल, फेरीची रीत साधारण हीच.

आधी दस्त म्हणजे काय ते समजून घ्या

सातबारा वाचता येणाऱ्या माणसाला ईझमेंट समजायला वेळ लागत नाही. 'इतर हक्क' या रकान्यात बोजा चढलेला असला की जमीन विकली तरी बोजा तिच्याबरोबर जातो. ईझमेंटचंही तसंच. मालक जमीन विकू शकतो, मुलांना देऊ शकतो, कसू शकतो. पण घरं बांधायचा, तुकडे पाडायचा, माती-मुरूम काढायचा जो हक्क मूळ मालकाने सोडून दिला, तो पुढच्या कुठल्याच मालकाकडे येत नाही. ट्रस्टलाही तो स्वतः वापरता येत नाही. दुसरं कुणी वापरत नाही ना, हे बघायचा आणि गरज पडली तर कोर्टात जाऊन थांबवायचा अधिकार तेवढा ट्रस्टकडे असतो.

मॅसॅच्युसेट्सला या कामाची जुनी परंपरा आहे. लँडस्केप आर्किटेक्ट चार्ल्स एलियट यांच्या पुढाकाराने 'द ट्रस्टीज ऑफ रिझर्व्हेशन्स' ही संस्था १८९१ मध्ये याच राज्यात उभी राहिली. सीआरचा कायदा १९६९ चा, राज्याच्या कायद्यांत प्रकरण १८४, कलम ३१ ते ३३. लँड ट्रस्टकडे जाणाऱ्या सीआरला गावाची आणि राज्याच्या ऊर्जा व पर्यावरण सचिवांची मंजुरी लागते. इतर बऱ्याच राज्यांनी १९८१ च्या एकसमान नमुना कायद्याच्या धर्तीवर आपापले कायदे केले.

करसवलतीचं थोडक्यात सांगतो, कारण मालक तुम्हाला त्याबद्दल विचारतीलच. मालकाने हक्क दान केले तर दस्ताआधीची किंमत आणि नंतरची किंमत यांतला फरक हे दान धरलं जातं. केंद्रीय कर कायद्याच्या कलम १७०(एच) खाली वर्षाच्या उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपर्यंत वजावट मिळते, उरलेली पुढची १५ वर्षं घेता येते; पात्र शेतकऱ्याला ही मर्यादा १०० टक्के आहे. या सवलतीचा धंदा करणारेही निघाले. भागीदारीत जमीन घ्यायची, मूल्यांकन फुगवायचं आणि वजावट वाटून घ्यायची. २०२२ च्या कायद्याने अशा भागीदाऱ्यांना, काही अपवाद सोडता, गुंतवणुकीच्या अडीच पटीपर्यंतच वजावट ठेवली. तुम्ही फेरी घेणारे आहात, करसल्लागार नाही. कराचा प्रश्न आला की "तुमच्या वकिलांना विचारा" एवढंच उत्तर द्यायचं.

भारतातही सुविधाधिकाराचा, म्हणजे ईझमेंटचाच, कायदा १८८२ पासून आहे, मग तिकडे असा दस्त का करता येत नाही, हा प्रश्न मराठी माणूस हमखास विचारतो. आपल्या कायद्याच्या कलम ४ प्रमाणे सुविधाधिकार हा एका जमिनीच्या मालकाला, त्या जमिनीच्या उपभोगासाठी, दुसऱ्या जमिनीवर मिळतो. वाटेचा, पाण्याचा, उजेडाचा हक्क असा असतो. शेजारी स्वतःची जमीन नसलेल्या संस्थेला तो धरून ठेवता येत नाही. अमेरिकेतल्या राज्यांनी नेमकी हीच अट कायदा करून काढली. महाराष्ट्रात खाजगी जमिनीसाठी जवळचा मार्ग म्हणजे वन्यजीव कायद्यातलं सामुदायिक राखीव क्षेत्र किंवा जैवविविधता कायद्यातलं वारसा स्थळ. पुढे सांगितलेली पाहणीची रीत मात्र गावच्या देवराईलाही जशीच्या तशी लागू पडते.

घरी बसून करायचं काम

फेरीच्या निम्म्या चुका जमिनीवर होत नाहीत, न वाचता निघाल्यामुळे होतात. कार्यालयातून चार कागद मागून घ्या: नोंदवलेला दस्त आणि त्यात नंतर झालेल्या दुरुस्त्या, सुरुवातीचा स्थिती-अहवाल, ज्याला सगळे 'बेसलाइन' म्हणतात, गेल्या किमान तीन फेऱ्यांचे अहवाल, आणि मालकाला दिलेल्या परवानग्यांची पत्रं. चौथा कागद बहुतेक वेळा राहतो. मग गेल्या वर्षी रीतसर मंजूर झालेली गोठ्याची शेड बघून नवा माणूस घाबरतो आणि मालकाला उगाच जाब विचारतो.

दस्त वीस ते तीस पानांचा असतो. त्यातली चार ठिकाणं पेन्सिलने खुणा करून वाचा. पहिलं, उद्देश: ही जमीन कशासाठी राखली आहे, शेतीसाठी, वन्यजीवांसाठी, नजरेत भरणाऱ्या मोकळ्या जागेसाठी की आणखी कशासाठी. दुसरं, मनाई असलेल्या गोष्टी. तिसरं, मालकाने राखून ठेवलेले हक्क, आणि त्यातले कोणते पूर्वसूचना देऊन वापरायचे. चौथं, बांधकामाचा राखीव घेर, म्हणजे जिथं घर, गॅरेज, विहीर यांना मुभा आहे तो नकाशावर आखलेला तुकडा. या सगळ्याचं एका पानावर टिपण करा. दोन दस्त कधीच सारखे नसतात. एका जमिनीवर तळं खोदायला मनाई असते आणि रस्त्यापलीकडच्या जमिनीवर तेच चालतं. म्हणून "ईझमेंटमध्ये असं चालत नाही" हे वाक्य तोंडातून कधी काढू नका. या दस्तात काय लिहिलं आहे, तेवढंच बोलायचं.

बेसलाइन म्हणजे दस्ताच्या दिवशीचा पंचनामा. नकाशे, हवाई छायाचित्र, जमिनीवरून काढलेले फोटो, असलेली घरं, रस्ते, कुंपणं, झाडोरा यांचं वर्णन, आणि हे वर्णन बरोबर आहे असं मालकाने व ट्रस्टने सही करून दिलेलं. तुमची सगळी तुलना याच्याशी होणार. जुन्या दस्तांची बेसलाइन काही वेळा पाच-सहा फिकट फोटोंची असते, कोणत्या बाजूला तोंड करून काढले तेही लिहिलेलं नसतं. तसं असेल तर आधी कार्यालयाला सांगा. आजची स्थिती नोंदवणारा पूरक अहवाल करता येतो. त्यावर आजची तारीख घालायची, मागची नाही.

सीमा शोधणं

इथं सर्वात जास्त घोटाळे होतात. न्यू इंग्लंडच्या जुन्या खरेदीखतांत सीमेचं वर्णन असं असतं: तिथून उत्तर ३२ अंश पूर्व, दगडी भिंतीच्या कडेने १८ रॉड, लोखंडी नळापर्यंत. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट. मुंबई इलाख्याच्या जुन्या मोजणीतली साखळी ३३ फुटांची, म्हणजे बरोबर दोन रॉड. साखळी बाय साखळी म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर इथलाही तोच, ४३,५६० चौरस फुटांचा. तेव्हा १८ रॉड म्हणजे आपल्या ९ साखळ्या, २९७ फूट. गुंठ्यात विचार करायची सवय असेल तर इथं ती कामाला येते.

दिशा मात्र जपून घ्या. जुन्या खतांतले अंश बहुधा त्या काळच्या होकायंत्राचे असतात. महाराष्ट्रात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक जवळजवळ नसतोच. पूर्व मॅसॅच्युसेट्समध्ये सुई खऱ्या उत्तरेच्या सुमारे १४ अंश पश्चिमेला दाखवते आणि हा आकडा काळाप्रमाणे सरकतो. ३०० फुटांच्या ओळीवर १४ अंशांची चूक म्हणजे शेवटाला सुमारे ७५ फूट बाजूला. होकायंत्रात हा फरक बसवून घ्या, नाहीतर शेजाऱ्याच्या अंगणात उभं राहून ते आपलंच समजाल.

जमिनीवर शोधायच्या खुणा म्हणजे लोखंडी नळ किंवा सळई, ग्रॅनाइटचा चौकोनी दगड, भिंतीतल्या मोठ्या दगडात पाडलेलं भोक, आणि ट्रस्टने झाडांना लावलेल्या पाट्या. सळई पानांच्या थराखाली दोन-चार इंच दबलेली असते. काठीने पानं बाजूला सारून पाहा. मिळाली की वर नायलॉनची रंगीत फीत बांधा. खूण स्वतः हलवू नका, वाकलेली असली तरी सरळ करू नका. तशीच तिचा फोटो काढा.

फोनमधल्या नकाशावर सीमारेषा दिसते म्हणून ती खरी मानू नका. गावच्या कर विभागाचा नकाशा कर आकारण्यासाठी असतो. त्यातली रेघ दहा-वीस फूट इकडेतिकडे असणं नेहमीचं आहे. वर फोनचं जीपीएस उघड्यावर १५ फुटांपर्यंत आणि दाट झाडीत त्याच्या दुप्पट-तिप्पट चुकतं. फोन तुम्हाला खुणेच्या जवळ नेण्यापुरता. अतिक्रमण आहे की नाही हे फोनवरून ठरत नाही, मोजणीदाराच्या मोजणीवरून ठरतं. ॲव्हेन्झासारख्या ॲपमध्ये मोजणीचा नकाशा आधीच उतरवून ठेवा, कारण अशा जंगलात अनेकदा नेटवर्क नसतं.

मालकाशी बोलणं

दस्तात ट्रस्टला जमिनीवर जाण्याचा हक्क असतो, पण न सांगता जाणं वाईट. साधारण तीन आठवडे आधी पत्र किंवा ईमेल, आठवडाभर आधी फोन. मालकाला बरोबर चालायचं आमंत्रण द्या; आले तर तासाभरात जे कळतं ते दहा अहवालांत सापडत नाही. पाच प्रश्न ठरवून ठेवा. जमीन विकायचा किंवा मुलांच्या नावावर करायचा विचार आहे का? कर्ज काढलंय का? लाकूडतोड, नवं बांधकाम, रस्ता, तळं, सौरपॅनेल यांपैकी काही मनात आहे का? जमीन कुणाला कसायला दिली आहे का? शेजाऱ्यांचा, कचऱ्याचा, चारचाकी बाइकवाल्यांचा त्रास होतो का?

शेवटच्या प्रश्नावर मालक मोकळे होतात. बरेचदा ज्याचा आपण शोध घेतोय त्याचा त्रास त्यांनाही होत असतो.

बोलताना एक गोष्ट कटाक्षाने पाळा: परवानगी देऊ नका. मालक सहज म्हणतात, इथं एक छोटी लाकडी केबिन बांधली तर चालेल ना? तुम्ही "त्यात काय, चालेल" म्हणालात, तर दोन वर्षांनी तेच वाक्य वकिलाच्या पत्रात वाचायला मिळतं. उत्तर ठरलेलं असू द्या: "लेखी कळवा, समिती बघेल आणि लेखी उत्तर देईल." आणि ते संध्याकाळीच कार्यालयाला सांगा. काही दस्तांत ठरावीक दिवसांत ट्रस्टने उत्तर दिलं नाही तर मंजुरी मिळाली असं धरतात. ३० किंवा ६० दिवसांची ती मुदत मालकाचं पत्र आलं की सुरू होते.

आणखी एक. ईझमेंट आहे म्हणून ती जमीन लोकांना फिरायला खुली असते असं नाही. बहुतेक ठिकाणी ती पूर्णपणे खाजगीच असते. तुम्ही ट्रस्टच्या वतीने गेला आहात. मित्रमंडळींना घेऊन जायचं नाही, फोटो समाजमाध्यमांवर टाकायचे नाहीत, दुर्मिळ ऑर्किड किंवा कासवाची जागा कुणाला सांगायची नाही. चोरटे तिथं पोचतात. शेजाऱ्याच्या जमिनीतून शॉर्टकटही घ्यायचा नाही. दस्ताने तिथं जायचा हक्क दिलेला नाही.

कधी जायचं, काय न्यायचं

पानं गळल्यावर, बर्फ पडण्याआधी, म्हणजे नोव्हेंबर; किंवा बर्फ वितळल्यावर पालवीच्या आधी, एप्रिल. या दिवसांत जंगलात शंभर फूट आरपार दिसतं. जुलैत तुमच्यापासून वीस फुटांवरची शेड दिसणार नाही. शेतीची जमीन असेल तर एखादी फेरी पीक उभं असताना घेणं बरं. सात-आठ वर्षं सगळ्या फेऱ्या नोव्हेंबरमध्येच झाल्या तर उन्हाळ्यात काय चालतं ते ट्रस्टला कधीच कळत नाही, म्हणून अधूनमधून ऋतू बदला.

पिशवीत छापील नकाशा दोन प्रती, एकपानी टिपण, गेल्या वर्षीच्या फोटोंच्या छोट्या प्रती, होकायंत्र, १०० फुटी टेप, फीत, पेन्सिल आणि न भिजणारी वही, जादा बॅटरी, पाणी. पेन थंडीत आणि पावसात दगा देतं, पेन्सिल देत नाही. नोव्हेंबर हा हरणांच्या शिकारीचा मोसम. भडक केशरी जाकीट आणि टोपी घातल्याशिवाय जंगलात पाऊल टाकू नका. कुठल्या दिवसांत कोणती शिकार खुली आहे हे राज्याच्या संकेतस्थळावर आधी बघा.

गोचिडीचं सांगायलाच हवं. हरणांवरची काळ्या पायांची गोचीड लाइम रोग पसरवते. थंडीत ती जाते असा समज चुकीचा आहे. तापमान शून्याच्या थोडं वर गेलं की मोठ्या गोचिडी फिरू लागतात, नोव्हेंबरमध्येही. मे ते जुलैत खसखशीएवढी पिल्लं असतात, ती दिसतच नाहीत. कपड्यांवर आणि बुटांवर अर्धा टक्का पर्मेथ्रिन आदल्या दिवशी फवारून वाळवा, ते अंगावर लावायचं नाही. पँटचे पाय मोज्यात खोचा, फिकट रंगाची पँट घाला. घरी आल्या आल्या आंघोळ, काखा, जांघा, गुडघ्यामागे, केसांत नीट तपासणी, कपडे ड्रायरमध्ये. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. लाइमचा जंतू अंगात जायला बहुतेक वेळा २४ तासांहून जास्त लागतात, म्हणून त्याच दिवशीची तपासणी महत्त्वाची. अंगाला लागली की पुरळ उठवणाऱ्या पॉयझन आयव्हीची तीन-तीन पानं ओळखायला शिका. नोव्हेंबरमध्ये पानं नसली तरी झाडावर चढलेली तिची केसाळ वेल हातात धरू नका.

एकटे जाऊ नका.

चालायचं कसं

पन्नास एकरांची जमीन दोघांनी नीट बघायला अर्धा दिवस लागतो. पहिल्या वर्षी पूर्ण सीमा चाला. नंतर ट्रस्टच्या पद्धतीप्रमाणे काही बाजू आलटून पालटून चालतात, पण रस्त्यालगतची बाजू, घरांना लागून असलेली बाजू आणि बांधकामाचा राखीव घेर दरवर्षी बघायचाच. धोका तिथंच असतो.

घरांना लागून असलेल्या बाजूला काय शोधायचं, ते जरा जवळून बघा. शेजाऱ्याच्या लॉनची कड रेघेसारखी सरळ असते. ती रेघ दगडी भिंतीपाशी संपते की भिंत ओलांडून आत येते? आत आली असेल तर वाळलेल्या पानांचा थर तिथं एकदम तुटलेला दिसतो. घोट्याएवढ्या उंचीवर कापलेले मेपलच्या रोपांचे खुंट असतात; ते हरणाने खाल्लेले नाहीत, मशिनने कापलेले आहेत, कारण सगळे एका उंचीचे आहेत. त्याच्या पुढे गवताच्या कातरणीचा ढीग, आतून गरम, वरून काळा पडलेला. पुढच्या वर्षी तिथं बाक येतो, मग मुलांचा झोपाळा, मग प्लास्टिकची शेड. आपल्याकडे बांध कोरतात तसंच हे, एका वर्षात कुणी दहा फूट घेत नाही. म्हणूनच दरवर्षी एकाच खुणेपासून मोजलं नाही तर पंधरा वर्षांनी शेजारी खरेपणाने सांगतो, "हे तर कायम असंच होतं."

मोजायचं असं: दोन खुणांमधली ओळ फीत बांधून नजरेने सरळ करा. तिच्याशी काटकोनात टेप धरून कापलेल्या कडेपर्यंतचं अंतर तीन ठिकाणी मोजा. तिन्ही आकडे लिहा, सरासरी काढू नका.

बाकी ठिकाणी नजर ठेवायच्या गोष्टी: चारचाकी बाइकच्या चाकोऱ्या आणि त्यातून सुरू झालेली धूप, टायर आणि भंगार, झाडावर खिळ्यांनी ठोकलेली शिकाऱ्याची मचाणं, ताजे बुंधे, ओढ्यावर टाकलेले पाइप, शेतजमिनीवरून उचलून नेलेली काळी माती. बीव्हरने, म्हणजे फांद्या-चिखलाचा बांध घालणाऱ्या प्राण्याने, ओढा अडवून जंगल बुडवलेलं असलं तर ते उल्लंघन नव्हे, तो निसर्ग आहे, पण नोंद करा, कारण सीमेची खूण पाण्याखाली जाते. लाकूडतोड बहुतेक दस्तांत चालते. वनतज्ज्ञाने केलेला आराखडा आणि ट्रस्टला सूचना या अटींवर. तेव्हा बुंधे दिसले म्हणून दचकू नका, आराखडा मागा.

परकी झाडंही टिपा: ओरिएंटल बिटरस्वीटची नारिंगी फळांची वेल, जी झाडाला पिळून मारते, जपानी नॉटवीडची बांबूसारखी झाडी, जपानी बार्बेरी, जिच्या दाट सावलीत गोचिडी वाढतात. ही झाडं काढण्याची सक्ती बहुतेक दस्तांत मालकावर नसते. मालकाला माहिती द्या, तक्रारीच्या सुरात बोलू नका.

ड्रोन किंवा उपग्रहाची छायाचित्रं वापरता येतात आणि मोठ्या जमिनींसाठी ती खरोखर उपयोगी आहेत. लँड ट्रस्ट अलायन्स या लँड ट्रस्टांच्या राष्ट्रीय संघटनेच्या मानकांप्रमाणे प्रत्येक ईझमेंटची कॅलेंडर वर्षातून किमान एकदा पाहणी हवी, आणि आकाशातून करत असाल तर निदान पाच वर्षांतून एकदा पायी. पाइनच्या छताखाली टाकलेले टायर आकाशातून दिसत नाहीत.

फोटो आणि नोंद

बेसलाइनमध्ये ठरवलेल्या फोटो-जागा असतात. त्याच जागी उभं राहा, त्याच दिशेला, जुना फोटो हातात धरून चौकट जुळवा. प्रत्येक फोटोला क्रमांक, जागा, दिशा अंशांत, तारीख, काढणाऱ्याचं नाव आणि फोटोत काय आहे ते एका ओळीत. क्रमांक तिथंच वहीत लिहा; संध्याकाळी आठवून लिहिलेले क्रमांक चुकतात, कारण शंभर फोटोंतली जंगलं सारखीच दिसतात. काहीही न बदललेल्या जागेचाही फोटो हवाच. दहा वर्षांनी तोच सर्वात कामाचा ठरतो. मूळ फाइल कापू नका, उजळवू नका, बाणही काढू नका. बाण हवा तर प्रतीवर.

लिहिताना दिसलं ते लिहा, निष्कर्ष लिहू नका. उदाहरणार्थ ही नोंद निकामी आहे: "शेजाऱ्याने बेकायदेशीर अतिक्रमण केले आहे, मालकाचे दुर्लक्ष." कुणी केलं ते तुम्ही पाहिलेलं नाही, बेकायदेशीर आहे का ते तुम्ही ठरवायचं नाही, आणि दुर्लक्ष हे मत आहे. तीच गोष्ट अशी लिहा:

"उत्तर सीमा, खूण ३ पासून पूर्वेकडे ४० फुटांवर सुरू होऊन सुमारे ६० फूट लांबीपर्यंत, सीमारेषेच्या आत गवत कापलेलं. आतलं अंतर तीन ठिकाणी ९, ११ आणि ७ फूट. गवताच्या कातरणीचा एक ढीग, ६ बाय ४ फूट, उंची २ फूट. मोठी झाडं तोडलेली दिसली नाहीत. फोटो १४ ते १८. गेल्या वर्षीच्या फोटो ९ मध्ये याच ठिकाणी झुडपं आहेत."

यावर वकील काम करू शकतो, आणि मालकाला वाचायला दिली तरी भांडण होत नाही. अहवाल आठवड्याच्या आत पुरा करून तारीख घालून सही करा. कोर्टात जायची वेळ आली तर नेहमीच्या कामाचा भाग म्हणून, त्याच सुमारास केलेली नोंद ग्राह्य धरायला सोपी जाते. महिन्यांनंतर खटल्यासाठी लिहिलेल्या टिपणाला ते वजन नसतं. एक प्रत मालकाला. मूळ कागद आणि त्याची प्रत दोन वेगळ्या इमारतींत.

काही चुकीचं सापडलं तर

जागेवर वाद घालू नका. मोजा, फोटो काढा, निघा, आणि त्याच दिवशी कार्यालयाला फोन करा. पुढचं काम ट्रस्टचं आहे, तरी क्रम माहीत असू द्या. आधी दस्त पुन्हा वाचून खरंच मनाई आहे का ते पाहतात. मग मालकाशी भेट, कारण शेजाऱ्याने केलं असलं तरी दस्त मालकाच्या जमिनीवर आहे. सीमेचा वाद असेल तर मोजणी. लॉन आत आलं असेल तर बहुतेक वेळा एक पत्र, चार पाट्या आणि स्थानिक रोपांची लागवड एवढ्यात मिटतं. घर किंवा रस्ता बांधला असेल तर वकील, लेखी नोटीस, जमीन पूर्ववत करण्याची मागणी, आणि शेवटी कोर्ट. यासाठी प्रत्येक ईझमेंट घेताना ट्रस्ट देखभाल निधी बाजूला ठेवतो. शिवाय लँड ट्रस्टांनी मिळून उभी केलेली टेराफर्मा ही विमा कंपनी २०१३ पासून कायदेशीर खर्च उचलते. तिथंही वेळेत कळवणं गरजेचं असतं. गप्प बसून वर्षं गेली तर "तुम्हाला माहीत होतं, तुम्ही चालू दिलं" असा बचाव समोरचा करतो, आणि फाइलमधला तुमचाच जुना अहवाल त्याच्या हातात असतो.

मालक बदलला की

ज्याने हौसेने दस्त केला तो मालक सहसा मोडत नाही. अडचण दुसऱ्या-तिसऱ्या मालकापासून सुरू होते. घर घेताना शंभर कागदांवर सह्या झालेल्या असतात, त्यांत ईझमेंटचा उल्लेख एका ओळीत असतो. आपल्यापैकी कुणी असं घर घेत असेल तर वकिलाला तो दस्त पूर्ण मागा आणि करार करण्याआधी ट्रस्टला फोन करा. ते आनंदाने नकाशा दाखवतात.

ट्रस्टच्या बाजूने काम असं: काउंटीच्या रजिस्ट्री ऑफ डीड्सच्या संकेतस्थळावर दर तीन महिन्यांनी ट्रस्टच्या सगळ्या ईझमेंटच्या मालकांची नावं तपासा. हे काम घरी बसून होतं, ज्यांना चालणं जमत नाही अशा ज्येष्ठ स्वयंसेवकांना द्यायला उत्तम. नवा खरेदीदस्त दिसला की महिन्याच्या आत पत्र जावं. त्यात दस्ताची प्रत, नकाशा, काय करायला मोकळीक आहे आणि कशासाठी आधी कळवावं लागतं याची एका पानाची यादी, ट्रस्टमधल्या एका माणसाचं नाव आणि फोन. मोकळीक आधी लिहा, मनाई नंतर. मग पहिल्या वार्षिक फेरीची वाट न बघता भेट ठरवा, आणि नव्या मालकाला बरोबर घेऊन चारही कोपऱ्यांच्या खुणा दाखवून या.